वामन कासाराचा चौथा गिअर

“वामनअण्णानं बायकोला परत चढाला उतरवलं, आणि ह्या खेपेला ती म्हणे…”

एवढंच बोलणं कानावर पडलं. पुढचं पडलं नाही, कारण ज्याच्याबद्दल ते चाललं होतं तो वामन कासार नेमका त्याच वेळी हॉटेलच्या दारात पोचला होता. बंद पडलेली मोटारसायकल ढकलत, घामानं निथळत, एकटाच. बाकावरच्या माणसांनी त्याला बघितलं. कुणी कप तोंडाला लावला, कुणी उगीच आभाळाकडं बघितलं.

आता माणसानं अर्धं ऐकलं की उरलेलं तो आपल्या पदरचं घालतो, हे काही नवीन नाही. शिरसोंडी गावानंही तेच केलं. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगितलेली बरी.

शिरसोंडी हे डोंगरावरच्या पठारावर वसलेलं गाव. बाजार खाली पायथ्याला, आणि मधे एक उभा चढ. चढाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला एक मोठा बसका धोंडा आहे. त्याला दमाचा दगड म्हणतात. पूर्वी बैलगाड्या होत्या, तेव्हा या दगडापाशी गाडी थांबायची आणि सगळी माणसं खाली उतरायची. बैलांना ओझं नको म्हणून पुरुष, बाया, पोरं, सगळी पायी चढायची. म्हातारं माणूस आणि बाळंतीण तेवढी गाडीत बसून राहायची. रीत चांगली होती. मुक्या जनावराची कुणाला तरी काळजी होती.

पुढं बैलगाड्या गेल्या, मोटारसायकली आल्या, आणि दगडापाशी कुणी थांबेनासं झालं. एक वामन तेवढा थांबायचा.

वामन कासार हा शांत माणूस. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याची बायको इंदू. गावातल्या बायकांना बांगड्या ती भरायची. हात कसलाही असो, कामानं राठ झालेला असो की बाळंतपणात सुजलेला, इंदू तो आपल्या हातात घ्यायची, जरा चोळायची, अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा दाबून आत घ्यायची आणि गप्पा मारता मारता बांगडी मनगटावर नेऊन सोडायची. बाईला कळायचंसुद्धा नाही. वामन माल आणायचा, पेटी बांधायचा आणि गाडी चालवायचा. दर बाजाराला दोघं मोटारसायकलवरून खाली जायची आणि दुपार कलली की वर यायची.

गाडी नवी घेतली तेव्हा दुकानदारानं वामनला समजावून सांगितलं होतं. सपाटीला चौथा गिअर ठेवा, गाडी तेल कमी पिते, आवाज करत नाही. एवढं ऐकून वामन खूश झाला आणि किल्ली घेऊन निघाला. दुकानदार मागून आणखी काही सांगत होता. चढ लागला की गिअर खाली घ्या, दुसऱ्यात आणा, इंजिनाला जोरात पळू द्या, ओरडलं तरी घाबरू नका, असं काहीबाही. वामनला त्यातलं हवं तेवढं लक्षात राहिलं.

त्यात चढाच्या डोक्यावर तात्या भोइट्याचं हॉटेल. गावात शिरायचं तर त्याच्या बाकासमोरूनच जावं लागतं. गावची तरणी पोरं दुसऱ्या गिअरात गाड्या पिळत वर यायची, तेव्हा बाकावरची माणसं कानावर हात ठेवायची. एकदा वामन एकटाच वर आला, चौथ्या गिअरात, हळूहळू. तात्या सगळ्यांदेखत म्हणाला, “वामनअण्णा, तुमची गाडी मांजरागत येते. आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही. ह्याला म्हणायचं गाडी चालवणं.”

तेवढं एक वाक्य झालं आणि वामन त्याला जन्माचा बांधला गेला.

पण गाडीवर दोन माणसं आणि वर बांगड्यांची पेटी, एवढं ओझं घेऊन कुठलं इंजिन चौथ्यात चढणार? अर्ध्या चढातच ते घुसमटायचं. आतून ठोकल्यासारखं व्हायचं, चेन खडखडायची, गाडी आचके द्यायची. दुसरा कुणी असता तर त्यानं गिअर खाली घेतला असता. वामननं वेगळी तोड काढली. दमाच्या दगडापाशी गाडी थांबवायची आणि मान न वळवता एकच शब्द बोलायचा. “उतर.”

इंदू उतरायची. आचक्यांनी बांगड्यांना धक्का लागतो म्हणून पेटीही तिच्याच डोक्यावर. वामन लांबून वेग घेऊन चौथ्यातच वर जायचा, हॉटेलसमोर आवाज न करता थांबायचा, रुमालानं टाकी पुसायचा. इंदू मागून यायची, घामाघूम, पदर खोचलेला. बाकावरची माणसं सरकून तिला जागा द्यायची. वामननं बायकोवर कधी आवाज चढवला नाही असं गाव कौतुकानं म्हणायचं, आणि ते खरंच होतं. उतर हा शब्दसुद्धा तो हळूच म्हणायचा.

इंदू मागच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं ते इंजिन ऐकत होती. एकदा तिनं विषय काढला. म्हणाली, “अहो, हे आत गुदमरतंय. आडमुठ्या हाताला बांगडी जोर करून रेटली की काय होतं? वाढते, आणि वर हात कापतो. तिथं हळूहळू, थोडं थोडं फिरवून न्यावं लागतं. एक गिअर खाली घ्या की.”

वामन म्हणाला, “तू बांगड्या भर. गाडी मी चालवतो.”

इथं एक सांगायला हवं. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. अशुभ मानतात. बांगडी वाढली, असं म्हणायचं. इंदूनं तर तो शब्द उभ्या आयुष्यात तोंडातून काढला नव्हता. पेटी हातातून निसटून आख्खी रिकामी झाली तरी ती म्हणायची, वाढल्या.

मग एका उन्हाळ्यात इंदूला टायफॉईड झाला. चांगली अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा पाय काडीसारखे झाले होते आणि चार पावलं चालली की तोंडाला कोरड पडायची. वामननं तिचं केलं, नाही असं नाही. पेज करून दिली, औषधं आणली. पण बाजार बुडत होता, बायका विचारत होत्या. जरा बरं वाटतंय म्हटल्यावर दोघं पुन्हा बाजाराला गेली. येताना दमाच्या दगडापाशी गाडी थांबली.

इंदू लगेच उतरली नाही. ती म्हणाली, “आज दुसऱ्यात न्या. आजच्या दिवस.”

वामननं वर बघितलं. चढाच्या डोक्यावर हॉटेलचा पत्रा चमकत होता. बाजाराचा दिवस म्हणजे बाक भरलेला असणार. तो म्हणाला की सगळ्यांसमोरून पोरांसारखं किंचाळत जाणं बरं दिसत नाही, तू सावकाश ये, घाई कुणाला आहे.

इंदू उतरली. पेटी डोक्यावर घेतली.

वामन वर गेला, टाकी पुसली, चहा प्याला. तात्यानं विचारलं, वहिनी कुठं? येतेय मागनं, तो म्हणाला. दुसरा चहा झाला. मग बाकावर सगळे विचारायला लागले, तेव्हा त्याला ते बरं वाटेना, आणि घरी जाऊन वाट बघतो म्हणून तो निघून गेला. खाली परत जाऊन बघावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण दोघांना घेऊन परत वर यायचं तर गिअर खाली घ्यावा लागला असता.

इंदू मधल्या वळणापर्यंत चढली होती. तिथं डोळ्यांपुढं अंधारी आली तशी कठड्यावर बसली. तिनं वाट बघितली. वरून गाडीचा आवाज येतो का ते ऐकलं. मग वरून आली ती खाली जाणारी एसटी. इंदूनं हात केला, पेटी मांडीवर घेऊन बसली आणि बाजारगावात धाकट्या बहिणीकडं गेली. संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला, बरी आहे, काळजी करू नका. कधी येते ते सांगितलं नव्हतं.

गावात वामननं सांगितलं की बहिणीकडं विश्रांतीला ठेवलीय. गावानं मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही.

इंदू नसलेल्या घरात बायका बांगड्या भरायला यायच्या. वामन प्रयत्न करायचा. त्याचा हात जड. बांगड्या वाढायच्या, बायका स्स करून हात ओढून घ्यायच्या आणि वहिनी आली की येऊ म्हणून जायच्या. बाजाराला तो एकटाच जायचा आणि एकटाच यायचा. मागं कुणी नसलं की गाडी चौथ्यात अगदी सहज चढते, हे पहिल्याच खेपेला त्याच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी त्यानं टाकी पुसली नाही.

अशात तात्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीचा हिरवा चुडा इंदूवहिनीच भरणार, हे ती मुलगी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. तात्यानं सगळ्यांदेखत विचारलं, “अण्णा, वहिनींची विश्रांती सरली का नाही अजून? का आम्हीच जाऊन आणू त्यांना?”

बाकावर कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी वामन खाली गेला.

बहिणीच्या ओट्यावर इंदू बसली होती. तब्येत सुधारली होती. पुढ्यात चार बायका हात पुढं करून बसलेल्या. वामन बाजूला उभा राहिला. बायका गेल्यावर तो म्हणाला की तात्याच्या घरचा चुडा भरायचाय, चल. मग थोडं थांबून, तिच्याकडं न बघता म्हणाला, “घर खायला उठतं.”

त्याला म्हणायचं होतं ते हेच होतं. पण आधी चुडा म्हणाला आणि मग हे. इंदूनं ते ओळखलं, आणि तरी तिचं मन थोडं विरघळलं. इतक्या वर्षांचा संसार होता.

ती म्हणाली, “येईन. पण दगडापाशी उतरणार नाही. दुसऱ्या गिअरात न्या, तात्यांच्या हॉटेलसमोरनं, घरापर्यंत. आवाज होईल तो होऊ द्या.”

“एवढंच ना?”

“एवढंच. दुसऱ्या कुणाला हे सांगावंसुद्धा लागलं नसतं.”

इंदूनं चुड्याच्या हिरव्या बांगड्या निवडून, कापडात गुंडाळून पेटीत भरल्या. पेटी मांडीवर घेऊन ती मागं बसली. दमाचा दगड आला. वामनचा हात सवयीनं ब्रेकवर गेला. मागून कुणी हललं नाही. मग त्यानं क्लच दाबला, गिअर खाली घेतला, आणखी एक खाली घेतला आणि मूठ पिळली.

इंजिन मोठ्यांदा ओरडलं. वामननं खांदे आकसून घेतले. पण पुढं काय झालं बघा. गाडीनं आचका दिला नाही. चेन खडखडली नाही. इतकी वर्षं जे आत ठोकत होतं ते ठोकायचं थांबलं. दोन माणसं आणि पेटी घेऊन गाडी तो उभा चढ असा चढायला लागली की जणू तिला कुणी वाटच मोकळी करून दिली होती. पेटीतल्या बांगड्या किणकिणल्यासुद्धा नाहीत. इंदू ज्या कठड्यावर बसली होती तो मागं गेला. वामनच्या लक्षात आलं की हँडल हातात थरथरत नाहीये. गाडीत दम होताच. त्यानं तो आजवर मागितलाच नव्हता.

मागून इंदू हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “बघा, किती जीव होता तिच्यात.”

वामनही हसला. खरंच हसला.

शेवटचं वळण आलं. आता फक्त हॉटेलसमोरचा तुकडा राहिला होता, आणि तोच सगळ्यांत उभा. एवढा आवाज कुणाचा म्हणून बाकावरची माणसं उठून रस्त्याच्या कडेला आली होती. तात्या खांद्यावरचं फडकं हातात घेऊन, डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होता. वामनला त्याचं तोंड दिसलं. तात्या काही बोललाही नव्हता, नुसता बघत होता. पण वामनच्या कानात इंजिनाचा आवाज दसपट झाला. त्याला वाटलं, सगळं गाव आपल्याला हसतंय. अंगणाएवढं अंतर राहिलंय, वेग आहेच, एवढ्यात काय होतंय.

त्याचा पाय हलला. तिसरा. लगेच चौथा.

आवाज खाली बसला. क्षणभर गाडी मांजरासारखी झाली. मग आतून ठोकलं, दणकन एक आचका बसला, आणखी एक, आणि इंजिन जागच्या जागी मेलं. गाडी मागं सरकायला लागली. वामननं दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकले. त्या हिसक्यात इंदूच्या मांडीवरच्या पेटीत खळ्ळ असा आवाज झाला.

मग अगदी शांत झालं. वामनला हवी होती तशी शांतता.

इंदूनं पेटीचं झाकण उचलून कापड बाजूला केलं. आत बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाली, “फुटल्या.”

वामननं तो शब्द ऐकला आणि गर्रकन मान वळवली. ती गाडीवरून उतरत होती. तो घाईनं म्हणाला, “उतरू नको.” इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. पण तोवर तिचे दोन्ही पाय जमिनीवर आले होते.

“तुम्ही नाही हो उतरवलं,” इंदू म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. “माझी मी उतरले. तात्यांच्या लेकीला म्हणावं, खाली ये, नवा चुडा भरते. तिच्याकडनं काही घेणार नाही.”

पेटी डोक्यावर घेऊन ती चढ उतरायला लागली. उतारावर ती भराभर चालत होती. वळणापाशी दिसेनाशी झाली. वामननं किक मारली. पुन्हा मारली. तापलेलं इंजिन दाद देईना. तोवर रस्त्यावरची माणसं बाकावर परतली होती. शेवटी त्यानं हँडल धरलं आणि गाडी ढकलत वर आणली, आणि हॉटेलच्या दारात त्याच्या कानावर ते अर्धं वाक्य पडलं. वामनअण्णानं बायकोला परत चढाला उतरवलं, आणि ह्या खेपेला ती म्हणे…

तात्यानं घाईघाईनं फडक्यानं बाक पुसला. “बसा अण्णा. चहा घ्या. वहिनी रडत गेल्या का हो? पाठमोऱ्या होत्या, इथनं तोंड दिसलं नाही.”

वामनला ते वाक्य पुरं करता आलं असतं. यावेळी मी तिला उतरवलं नाही, असं सांगता आलं असतं. ती गेली हे खरं, पण रडत गेली हे खोटं, असंही सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. गाडी चढत होती. दोघं हसत होती. घर समोर होतं. आणि मग तुम्ही माणसं रस्त्याच्या कडेला दिसलात.

त्यानं विचार केला. गावात जी अफवा होती ती त्याच्याबद्दल वाईट होती. खरं त्याहून वाईट होतं.

“चढच दांडगा आहे,” तो म्हणाला आणि चहा न घेता गाडी ढकलत पुढं गेला.

तात्याच्या मुलीनं चुडा खाली जाऊन भरला. पुढं शिरसोंडीच्या बायकाही बांगड्यांना खालीच जायला लागल्या. आपापल्या नवऱ्यांच्या मागं बसून जातात, आणि येताना गाड्या दुसऱ्या गिअरात ओरडत वर येतात. वामननं गाडी दुरुस्त करून घेतली. तो अजूनही बाजाराला जातो. येताना हॉटेलसमोरून जातो तेव्हा काही आवाज येत नाही. आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही. मागची सीट रिकामी असते, त्यामुळे गाडी चौथ्यात सहज चढते.

गावात अजून म्हणतात की वामन कासारानं बायकोला चढाला टाकलं. तसं बघायला गेलं तर हे अर्धंच खरं आहे.

तात्पर्य: चढ आला की गाडी ज्याच्या हातात आहे त्यानं आधी स्वतः एक गिअर खाली यावं, लोकांना आवाज गेला तर जाऊ द्यावा. मागच्याला उतरवून राखलेली ऐट माणसाला वर नेते खरी, पण एकट्यालाच.